खांद्यावरचा बिल्ला: अंतराळातली मैत्री आणि तिची खूण



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस अंतराळाबद्दल काय बोलणार? रॉकेट कसं उडतं हे सांगायला माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. मी बोलणार आहे तो एका कापडाच्या तुकड्याबद्दल. तळहाताएवढा असतो तो. अंतराळवीराच्या छातीवर किंवा दंडावर लावलेला. त्याला पॅच म्हणतात, आपण बिल्ला म्हणू. प्रत्येक मोहिमेचा वेगळा बिल्ला असतो. त्यावर पृथ्वी असते, यान असतं, कधी पक्षी, कधी तारे, जाणाऱ्यांची नावं, देशांचे झेंडे. माझा प्रश्न एवढाच आहे, की हा बिल्ला नुसती शोभा आहे, की त्यात काही कबुली असते? आणि त्यावर दोन देशांची नावं शेजारी शेजारी लिहिली, तर त्या दोन देशांनी एकमेकांना नेमकं काय कबूल केलेलं असतं?

खूण म्हणजे काय, हे आपल्या भागाला नवीन नाही. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशीमलाच सापडला. ताम्रपटांना कडी असायची आणि कडीला मुद्रा. मुद्रा नसेल तर तांब्याचा पत्रा नुसता पत्रा. मुद्रा असेल तर ती राजाची आज्ञा, आणि राजाची जबाबदारीसुद्धा. शिवाजी महाराजांच्या मुद्रेत तर चंद्रच आहे, प्रतिपदेपासून वाढत जाणाऱ्या चंद्राची उपमा तिथं दिलेली आहे. आणि आजचं बघायचं तर आपला सातबारा. त्यावर ज्याचं नाव, त्याचं वावर. पेरणारे, निंदणारे हात कितीही असोत, त्यांची नावं तिथं नसतात. ही सातबाऱ्याची गोष्ट लक्षात ठेवा, तिचा आपल्याला पुढं उपयोग होणार आहे.

बिल्ला आला कुठून

1963 साली व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा ही पहिली स्त्री अंतराळात गेली. तिच्या पोशाखावर कबुतराचं चिन्ह होतं. पण ते वरच्या नारिंगी आवरणाखाली झाकलेलं होतं, म्हणजे जगाला दिसायचंच नाही.

अमेरिकेत ही प्रथा ऑगस्ट 1965 मध्ये जेमिनी 5 या मोहिमेपासून सुरू झाली. गॉर्डन कूपर आणि पीट कॉनरॅड हे दोघं आठ दिवस राहायला निघाले होते. चंद्रावर जाऊन यायला साधारण तेवढेच दिवस लागतात, म्हणून आठ दिवस माणूस टिकतो का हे बघायचं होतं. त्यांनी बिल्ल्यावर जुन्या काळातली, ताडपत्रीचं छत असलेली घोडागाडी काढली आणि वर लिहिलं, आठ दिवस, नाहीतर फजिती. नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, सातव्या दिवशी परत यावं लागलं तर लोक म्हणतील मोहीम फसली. शेवटी तोडगा निघाला: बिल्ला राहू द्या, पण त्या अक्षरांवर कापडाचा तुकडा शिवा. तसंच केलं.

ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगत नाहीये. वेब साहेबांना एक नीट कळलं होतं. बिल्ल्यावर लिहिलेलं वाक्य हे वचन असतं. वचन दिलं की ते मोडण्याची शक्यता तयार होते. तत्त्वज्ञानात जे. एल. ऑस्टिन नावाचा एक विचारवंत होऊन गेला. तो सांगतो की काही वाक्यं माहिती देतात, पण काही वाक्यं उच्चारणं म्हणजेच एक कृती करणं असतं. ‘मी वचन देतो’ हे म्हणणं म्हणजेच वचन देणं. बिल्ला हा या दुसऱ्या जातीचा आहे.

मग 27 जानेवारी 1967 ला अपोलो 1 च्या कुपीत जमिनीवरच आग लागली आणि तीन अंतराळवीर गेले. आत शुद्ध ऑक्सिजन होता, त्यात साधा दोरासुद्धा भडकतो. त्यानंतर यानात नेण्याच्या पोशाखावरचे बिल्ले धाग्यानं भरलेले नसायचे. काचतंतूंपासून विणलेल्या, न पेटणाऱ्या कापडावर ते छापले जायचे. खूण कितीही पवित्र असली, तरी ती माणसाच्या जिवापेक्षा मोठी नाही, हा धडा त्या कापडात आहे.

आणि अपोलो 11? मायकेल कॉलिन्स यांनी त्याचं चित्र काढलं. चंद्रावर उतरणारा गरुड. कुणीतरी सुचवलं की त्याच्याजवळ ऑलिव्हची फांदी द्या, ती त्यांच्याकडं शांततेची खूण आहे. आधी फांदी चोचीत होती. वरिष्ठांना गरुडाच्या उघड्या नख्या फार आक्रमक वाटल्या, जणू चंद्रावर झडपच घालतोय. मग फांदी नख्यांत दिली. आणखी एक गोष्ट: त्या बिल्ल्यावर तिघांपैकी कुणाचंही नाव नाही. ज्या हजारो लोकांनी हे काम केलं त्या सगळ्यांचा तो बिल्ला असावा, म्हणून नावं मुद्दाम गाळली. सातबारा कोरा ठेवला म्हणा ना.

अर्थ कोण ठरवतो

इथं थोडं शास्त्र. आपल्या परंपरेत एक मोठा वाद आहे. मीमांसक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य आहे, कुणी केलेलं नाही. नैयायिक म्हणतात, नाही, ते नातं संकेतानं ठरतं. म्हणजे ‘या शब्दानं हा अर्थ समजावा’ अशी ठरवाठरवी असते. बिल्ल्याच्या बाबतीत आपण नैयायिकांच्या बाजूनं जाऊ. पण मग पुढचा प्रश्न येतो. संकेत करणारे दोन असतील आणि दोघांचं जमत नसेल, तर?

उदाहरण देतो. मार्च 2022. रशियानं युक्रेनवर हल्ला करून तीन आठवडे झाले होते. तीन रशियन अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात शिरले, अंगावर पिवळेधमक पोशाख, मध्ये निळा रंग. युक्रेनचा झेंडा निळा-पिवळा. जगभर चर्चा सुरू झाली की हा मूक निषेध आहे. ते स्वतः म्हणाले, पिवळं कापड फार साठलं होतं. रशियाकडून खुलासा आला की हे रंग बाउमन विद्यापीठाचे आहेत, तिघेही तिथलेच विद्यार्थी. त्यांच्या मनात काय होतं ते असो. पण त्या महिन्यात पिवळा रंग त्यांच्या एकट्याच्या मालकीचा राहिला नव्हता, हे नक्की. बघणाऱ्यांनी त्याला अर्थ देऊन टाकला होता.

त्याच वर्षी जुलैत उलटं घडलं. त्याच तिघांनी स्थानकात लुहान्स्क आणि दोनेत्स्क या भागांतल्या रशियाधार्जिण्या राजवटींचे झेंडे धरून फोटो काढले. इथं संशयाला जागा नव्हती. नासानं जाहीर शब्दांत निषेध केला. सगळ्यांच्या सामाईक घरात एकानं आपल्या भांडणाचा झेंडा लावला, अशी ती गोष्ट होती.

कडी आणि हवा

आता मुळात ही मैत्री सुरू कशी झाली ते पाहू. जुलै 1975. अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयूझ ही दोन यानं अंतराळात जोडली गेली. टॉम स्टॅफर्ड आणि अलेक्सेई लिओनोव यांनी हात मिळवले. दोन्ही देशांची अण्वस्त्रं तेव्हा एकमेकांवर रोखलेली होती. त्या मोहिमेच्या चिन्हात मधोमध दोन जोडलेली यानं आहेत, एका बाजूला अपोलो हा शब्द रोमन लिपीत आणि दुसऱ्या बाजूला सोयूझ हा शब्द रशियन लिपीत. म्हणजे दोघांनीही आपली लिपी सोडली नाही. दोन्ही बाजूचे अंतराळवीर मात्र एकमेकांची भाषा शिकले होते. लिओनोव गमतीनं म्हणायचे की आमच्या मोहिमेत तीन भाषा होत्या: रशियन, इंग्रजी आणि स्टॅफर्डची ओक्लाहोमी रशियन!

चिन्ह झालं. पण त्यामागे काय होतं? दोन अडचणी होत्या, आणि दोन्ही मोठ्या मजेशीर आहेत.

पहिली जोडणीची. तोपर्यंत यानं जोडायची पद्धत अशी, की एकाला पुढे आलेला दांडा आणि दुसऱ्याला खळगा. इंजिनियर लोक त्यांना सरळ नर आणि मादी म्हणतात, आपले नळवालेही तेच म्हणतात. आता सांगा, अमेरिका आणि रशिया यांच्यात खालची बाजू कोण घेणार? व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी अशी कडी तयार केली जी दोन्हीकडे सारखीच. तीन पाकळ्या इकडून, तीन पाकळ्या तिकडून, एकमेकींत बसणाऱ्या. कुठलंही यान पुढाकार घेऊ शकतं, कुठलंही थांबून राहू शकतं. समतेबद्दल आम्ही वर्गात तास-तास बोलायचो, या लोकांनी ती लोखंडात घडवली! आणि ती कडी नुसती तेवढ्यापुरती राहिली नाही. पुढं अमेरिकन शटल आणि रशियन मीर स्थानक जोडलं गेलं ते तिच्याच वंशातल्या कडीनं. चीनला अमेरिकेच्या 2011 च्या कायद्यामुळं या सहकार्यापासून दूर ठेवलं गेलं, पण चीनच्या शेन्झो यानाची कडीही त्याच घराण्यातली आहे.

दुसरी अडचण हवेची. अपोलोत शुद्ध ऑक्सिजन, पण दाब आपल्या हवेच्या एक तृतीयांश. सोयूझमध्ये आपल्यासारखीच हवा, आपल्यासारखाच दाब. दार उघडून सरळ पलीकडे गेलात तर जिवावर बेतेल. म्हणून मध्ये एक लहान खोली बसवली. त्या खोलीत थांबायचं, हवा बदलायची, मग पलीकडे जायचं. सोव्हिएत बाजूनं आपल्या यानातला दाबही दोन तृतीयांशापर्यंत खाली आणला, म्हणजे थांबण्याचा वेळ कमी व्हावा. मला वाटतं, दोन माणसांच्या, दोन समाजांच्या मैत्रीचं यापेक्षा नेमकं वर्णन मिळणार नाही. थोडं थांबावं लागतं, आणि आपल्या घरातला दाब थोडा कमी करावा लागतो.

पाहुणा

आता आपल्याकडे येऊ. सोव्हिएत संघानं इंटरकॉसमॉस नावाच्या कार्यक्रमात मित्रदेशांच्या लोकांना अंतराळात नेलं. 1978 मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमीर रेमेक पहिले गेले. त्यांच्याबद्दल एक विनोद सांगितला जायचा. परत आल्यावर त्यांचा हात लालेलाल. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, जिथं हात लावायला जावं तिथं रशियन म्हणायचे ‘हात नको लावू’ आणि एक चापटी! विनोदच तो. पण पाहुण्याची स्थिती त्यात बरोबर पकडली आहे. त्याच मालिकेत 1978 मध्ये पोलंडचे मिरोस्वाव हेर्माशेव्स्की गेले, 1980 मध्ये हंगेरीचे बेर्तालान फार्काश गेले. आणि 3 एप्रिल 1984 ला सोयूझ टी-11 मधून आपले राकेश शर्मा.

राकेश शर्मा हे आपल्या महाराष्ट्रातल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडले. कमांडर युरी मालिशेव, फ्लाइट इंजिनियर गेन्नादी स्त्रेकालोव आणि संशोधक म्हणून शर्मा. सल्यूत 7 स्थानकावर त्यांनी भारताची छायाचित्रं घेतली, योगासनांचे प्रयोग केले. 11 एप्रिलला ते परतले. इंदिरा गांधींनी विचारलं, वरून भारत कसा दिसतो, आणि त्यांनी इक्बालांच्या तराण्यातली ओळ उत्तरादाखल म्हटली, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट सांगतो. भारतानं राकेश शर्मांना अशोकचक्र दिलं. ते मालिशेव आणि स्त्रेकालोव यांनाही दिलं. अशोकचक्र हा शांततेच्या काळातला आपला शौर्याचा सर्वोच्च सन्मान, आणि तो दोन परदेशी माणसांच्या छातीवर लावला गेला. पाहुणा म्हणून गेलो, पण यजमानाला आपली सर्वांत मोठी खूण देऊन आलो. रवीश मल्होत्रांचं नाव इथं घ्यायलाच हवं. सगळं प्रशिक्षण त्यांनी शर्मांच्या बरोबरीनं केलं, राखीव म्हणून जमिनीवर राहिले. त्यांना कीर्तिचक्र मिळालं.

त्यानंतर अमेरिकन शटलमधून आपला शास्त्रज्ञ जायचा होता, त्यासाठी एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन यांची निवडही झाली होती. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर कोसळलं आणि ती योजना रद्द झाली. राकेश शर्मांनंतर एकेचाळीस वर्षं भारताचा नागरिक पृथ्वीच्या कक्षेत गेला नाही.

सामाईक विहीर

1998 मध्ये पंधरा देशांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या करारावर सह्या केल्या. 2 नोव्हेंबर 2000 पासून तिथं माणूस सतत राहतो आहे. हे स्थानक समजून घ्यायला आपल्याकडची सामाईक विहीर डोळ्यांपुढे आणा. तीन भावांची विहीर, पाळी ठरलेली. भावाभावांत बोलणं नसेल, कोर्टात तारखा चालू असतील, पण मोटर एकाची आणि वीज दुसऱ्याची. पाणी हवं तर दोघांनाही लागतं. स्थानकाचंही तसंच आहे. कक्षा उंचावण्याचं काम मुख्यतः रशियन भाग करत आला, वीज मुख्यतः अमेरिकन भागातली.

2022 मध्ये, युद्ध चालू असताना, अमेरिकेचे फ्रँक रुबिओ रशियन सोयूझमधून वर गेले आणि रशियाच्या आना किकिना अमेरिकन ड्रॅगन यानातून. डिसेंबरमध्ये रुबिओंच्या सोयूझमधून थंड ठेवणारं द्रव गळून गेलं. ते यान परतीला धोक्याचं झालं. नवं सोयूझ येईपर्यंत आणीबाणी उद्भवली तर काय करायचं? प्रत्येकाच्या आसनात त्याच्या शरीराच्या मापाचं खास अस्तर असतं. रुबिओंचं अस्तर सोयूझमधून उचललं आणि ज्या ड्रॅगनमधून किकिना आल्या होत्या त्यात नेऊन ठेवलं. दुसऱ्या रिकाम्या सोयूझमधून रुबिओ सप्टेंबर 2023 मध्ये परतले, 371 दिवस राहून. बिल्ल्यावरचे झेंडे आणि ते आसनाचं अस्तर या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. झेंड्यांमागं खरं काही आहे का, हे असल्या वेळी कळतं.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं 1795 मध्ये शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो आतिथ्याबद्दल बोलतो. परक्या माणसाशी शत्रूसारखं वागू नये, हा दयेचा भाग नसून त्या माणसाचा हक्क आहे, असं तो म्हणतो. का? तर पृथ्वी गोल आहे. गोल पृष्ठभागावर माणसं अनंतापर्यंत पांगू शकत नाहीत, कुठंतरी एकमेकांना सामोरी येणारच, म्हणून एकमेकांना सहन करणं भाग आहे. घरातून फारसा न हललेल्या माणसाला हे सुचलं! बहुतेक बिल्ल्यांवर पृथ्वीचा गोल का असतो, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे.

मक्त्याचं वावर

25 जून 2025 ला शुभांशु शुक्ला निघाले. तेही खडकवासल्याचेच. ही मोहीम अ‍ॅक्सिअम 4, खासगी कंपनीची, यान स्पेसएक्सचं. कमांडर अमेरिकेच्या पेगी व्हिटसन, शुक्ला पायलट, आणि बरोबर पोलंडचे स्वावोश उझनान्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू. आता मघाची यादी आठवा. पोलंड 1978, हंगेरी 1980, भारत 1984. तिघंही सोव्हिएत पाहुणे म्हणून गेलेले देश, तिघांनीही चार दशकं वाट पाहिली, आणि तिघंही एकाच अमेरिकन यानातून परत गेले. सोव्हिएत संघ आता नकाशावर नाही. खूण राहते, ती देणारं राज्य राहत नाही, हे इतिहासानं इथं दाखवलं.

या मोहिमेला सुमारे 550 कोटी रुपये खर्च झाल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे 1984 मध्ये आपण पाहुणे होतो, 2025 मध्ये आपण मक्त्यानं वावर केलं. मक्ता देणाऱ्याला बोलायचा अधिकार असतो, आणि आपण तो वापरला. जूनमध्ये रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. ती नीट दुरुस्त करून चाचणी झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह आम्ही धरला, असं इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी जाहीरपणे सांगितलं. हात लाल झालेल्या पाहुण्यापासून इथपर्यंत आपण आलो.

वजन नाहीसं झालं हे कळायला अंतराळवीर एखादं खेळणं लटकवतात, ते तरंगू लागलं की समजायचं पोचलो. या चौघांनी हंस घेतला होता, जॉय नावाचा. आपल्याकडे हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन आणि नीरक्षीरविवेक. पोलंड आणि हंगेरीत त्याला निष्ठा, शुद्धता, सौंदर्य असे अर्थ आहेत. एकच हंस, प्रत्येकाचा अर्थ आपापला, आणि तरी तो सगळ्यांना मान्य. सहकार्यात सगळ्यांचा अर्थ एक होण्याची गरज नसते. एकाच खुणेखाली आपापला अर्थ घेऊन उभं राहता आलं तरी पुष्कळ. आपली वारी दुसरं काय करते? प्रत्येक दिंडीला आपला क्रम, आपली वीणा, आपल्या पताका, आणि वाट एकच.

वर पोचल्यावर शुक्लांनी पहिल्या संदेशात सांगितलं, की माझ्या खांद्यावरचा तिरंगा मला सांगतो, मी तुम्हा सगळ्यांबरोबर आहे. त्यांनी तिथं मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोगही केला, तो धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा होता. मेथी आपल्या इथंही मोडते आणि तिथंही मोडते, हे ऐकून धनजच्या माणसाला बरं वाटायला हवं.

ज्यांची नावं बिल्ल्यावर नाहीत

आता सातबाऱ्याकडे परत येऊ. ज्या सहकार्याला कधी बिल्ला मिळाला नाही, असंही एक आहे. 1974 मध्ये भारतानं फ्रान्सच्या एका कंपनीशी करार केला. पैशांऐवजी आपले इंजिनियर तिकडे काम करायला गेले, त्या श्रमाच्या बदल्यात आपल्याला त्यांच्या वायकिंग इंजिनाचं तंत्रज्ञान मिळालं. त्यातून आपलं विकास इंजिन झालं. ही तर आपल्याकडची इर्जिक झाली: तू माझ्या वावरात ये, मी तुझ्या वावरात येतो. गगनयानाच्या रॉकेटमध्ये तेच विकास इंजिन आहे. ते मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार होत आलं आहे. इस्रोच्या रॉकेटांची अवजड कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडत आली. तिथल्या टर्नर-फिटरचं नाव कुठल्या बिल्ल्यावर येणार आहे?

आणि राखीव माणसं. शुक्लांच्या मागं प्रशांत बालकृष्णन नायर तयार उभे होते, जसे 1984 मध्ये मल्होत्रा. नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला, हे गगनयानाचे चौघं. चौघंही खडकवासल्याचे, चौघांचंही सुरुवातीचं प्रशिक्षण रशियातल्या गागारिन केंद्रात झालेलं.

आपलं गगनयान अजून माणूस घेऊन गेलेलं नाही. ते जाईल तेव्हा आपण पहिल्यांदा स्वतःच्या वावरात उभे असू. 2035 पर्यंत स्वतःचं स्थानक उभं करायचंही ठरलं आहे. मग आपण यजमान होऊ, आणि यजमानाची परीक्षा पाहुण्यापेक्षा अवघड असते. नेपाळचा, श्रीलंकेचा, एखाद्या आफ्रिकी देशाचा माणूस आपल्या यानात बसेल तेव्हा आपण त्याच्या हातावर चापटी मारणार, की त्याच्यासाठी दोन्हीकडून सारखी बसणारी कडी करणार? त्याचं नाव त्याच्या लिपीत लिहिणार की आपल्या? बिल्ला छोटाच असेल, पण या प्रश्नांची उत्तरं त्यावर वाचता येतील.

माझं बोलणं इथं थांबवतो. दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, 550 कोटी म्हणजे आपल्या तालुक्यातले किती रस्ते झाले असते. सोयाबीनला भाव नाही आणि आपण तिकीट काढून वर माणूस पाठवतो. हे बरोबर आहे का?

उत्तर: प्रश्न रास्त आहे, आणि देशाभिमानाचं पांघरूण घालून मी तो झाकणार नाही. पैसा सगळ्यांचा आहे, तर हिशेब विचारायचा हक्कही सगळ्यांचा. मी हिशेब असा विचारीन: या पैशात आपण काय शिकून आलो? वर राहण्याचा, प्रत्यक्ष यान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा, आणीबाणीच्या तयारीचा अनुभव गगनयानाला मिळाला असेल, तर मक्ता वसूल झाला. नुसता फोटो मिळाला असेल तर नाही झाला. आणि सोयाबीनच्या भावाचा प्रश्न त्यामुळं लहान होत नाही. तो वेगळ्या दारात, तेवढ्याच जोरानं विचारायला हवा. एका प्रश्नानं दुसऱ्याचं तोंड बंद करू नये, दोन्ही बाजूंनी.

प्रश्न (एक विद्यार्थिनी): गगनयानाच्या बिल्ल्यावर तुम्ही काय काढलं असतं?

उत्तर: चित्रकला मला येत नाही, पण तुला येत असणार! मी एवढंच सांगेन, अपोलो 11 वाल्यांनी केलं तसं नावांना जागा देण्याआधी विचार कर. चार जणांची नावं घालायची, की वालचंदनगरच्या फिटरपासून धारवाडच्या मेथीवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी जागा कोरी ठेवायची? तू आज रात्री घरी जाऊन काढून बघ. आणि काढलेल्या प्रत्येक खुणेखाली एक ओळ लिही, की ही खूण लावून आपण कुणाला काय कबूल करतो आहोत. ज्या खुणेखाली तुला काही लिहिता येणार नाही, ती पुसून टाक.